अणुयुद्धाचे भयपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नाशिकमधली काही मंडळी अधूनमधून जमून सिनेमे बघतो. अणुयुद्धावरच्या सिनेमांची मालिका लावली तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहिलेत. म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. कोणत्याही चित्रपटाचा शेवट फोडलेला नाही. प्रश्न ६ मध्ये 'थ्रेड्स'च्या उत्तरार्धाचा थोडा उल्लेख आहे, ज्यांना नको त्यांनी तेवढा परिच्छेद सोडावा.

१. यात भूत नाही, चेटकीण नाही, खुनी नाही. मग याला भयपट कसं म्हणता?

भयपट म्हटलं की आपल्याला पडका वाडा, पिंपळ आणि पैंजण आठवतात. पण त्या गोष्टींत एक सोय असते. कुणीतरी मांत्रिक असतो, काही उतारा असतो, पहाट झाली की सुटका होते. अणुयुद्धाच्या वास्तववादी चित्रपटांत उतारा नाही. पहाट होते आणि हाल वाढतात. बॉम्ब पडतो तो भाग काही मिनिटांचाच. नंतर नळ कोरडा पडतो, दवाखान्यातली औषधं संपतात, धान्याच्या गोदामावर बंदूक घेतलेला माणूस उभा राहतो, आणि बघणाऱ्याला हळूहळू कळत जातं की हे निस्तरायला बाहेरून कुणीही येणार नाही. भीती बसते ती इथे. स्फोटच बघायचे असतील तर युद्धपट भरपूर आहेत.

२. एकच बघायचा असेल तर कोणता? आणि सुरुवात कुठून करू?

एकच असेल तर 'थ्रेड्स'. मात्र सुरुवात त्याने करू नका. आधी 'द वॉर गेम' बघा, पाऊण तासाचा आहे. तो सोसवला तर 'थ्रेड्स', आणि मग मध्ये थोडे दिवस जाऊ देऊन एखादा जपानी (प्रश्न ८).

३. 'थ्रेड्स'बद्दल एवढं का बोलतात? जुना टीव्हीवरचा सिनेमा आहे ना तो?

हो, टीव्हीवरचाच. बीबीसीने तो २३ सप्टेंबर १९८४ ला दाखवला. लेखक बॅरी हाइन्स, दिग्दर्शक मिक जॅक्सन. (याच जॅक्सनने १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनचा 'द बॉडीगार्ड' केला. आम्हाला हे अजून पचलेलं नाही.)

गोष्ट इंग्लंडमधल्या शेफिल्ड या पोलादाच्या शहरातली. रूथ आणि जिमी हे तरुण जोडपं. रूथला दिवस गेलेत, दोन्ही घरं जरा अवघडून एकमेकांना भेटतात, लग्न ठरतं, नव्या फ्लॅटच्या भिंती खरवडायचं काम निघतं. मागे कुठेतरी रेडिओवर इराणवरून अमेरिका आणि सोव्हिएत रशियाची जुंपल्याच्या बातम्या चालू असतात. कुणी आवाज वाढवत नाही, कुणी बंदही करत नाही. या भागात चित्रपटाला जराही घाई नाही. आपल्याकडे येऊन पाहिलेल्या अनेकांनी "पहिला भाग कंटाळवाणा आहे" असं कळवलंय. तो कंटाळा मुद्दाम ठेवलेला आहे. पुढे जे मोडतं ते हेच रोजचं जगणं, आणि ते आधी नीट बघितलेलं असावं लागतं.

दुसरा धागा शहराच्या प्रशासनाचा. युद्धाची शक्यता दिसताच नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्याला आपत्कालीन नियंत्रक नेमतात आणि टाउन हॉलच्या तळघरात अधिकाऱ्यांची समिती बसते: पाणी, आरोग्य, अन्न, वाहतूक. टेबलं, फोन, नकाशे, सिगारेटी. ही माणसं दुष्ट नाहीत, आळशीही नाहीत. कोणत्याही सरकारी कचेरीत भेटतील अशी, थोडी गोंधळलेली, एकमेकांवर खेकसणारी. बॉम्ब पडल्यावर इमारतीचा ढिगारा त्यांच्या डोक्यावर असतो, आणि तरीही कुठल्या वॉर्डात किती धान्य द्यायचं यावर वाद चालू राहतो. संपूर्ण चित्रपटात आम्हाला सर्वांत भयानक वाटतं ते हे तळघर.

बाकी मांडणी कोरडी आहे. टेलिप्रिंटरवर टाइप व्हावीत तशी अक्षरं पडद्यावर उमटतात, निवेदक बातम्यांच्या आवाजात आकडे सांगतो. ब्रिटनवर पडलेले एकूण बॉम्ब २१० मेगाटनांचे, असं एका दमात सांगून तो पुढे सरकतो. रडवणारं पार्श्वसंगीत नाही. आणि हल्ल्यानंतर कथा थांबत नाही, तेरा वर्षं पुढे जाते. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता, म्हणजे एका मेगाटनाचा पासष्टावा-सत्तरावा भाग. हे माहीत असेल तर तो २१० चा आकडा नीट ऐकू येतो.

४. 'द डे आफ्टर' म्हणजे अमेरिकन 'थ्रेड्स'च ना? रेगनने तो बघून करार केला म्हणतात, खरं का?

'द डे आफ्टर' आधीचा आहे. एबीसी वाहिनीने तो २० नोव्हेंबर १९८३ ला दाखवला आणि सुमारे दहा कोटी लोकांनी बघितला. दिग्दर्शक निकोलस मेयर, ठिकाण कॅन्सस सिटी आणि लॉरेन्स. हल्ल्यानंतरच्या भागात वाहिनीने एकही जाहिरात घेतली नाही. चित्रपट प्रामाणिक आहे, पण त्यात ओळखीचे नट आहेत, भावनेला जागा आहे, आणि शेवटी पाटी येते की खरे परिणाम याहून वाईट असतील. 'थ्रेड्स'ला अशी पाटी लावावी लागली नाही.

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी प्रसारणाआधी तो पाहिला आणि आपलं मन फार खिन्न झालं अशी नोंद डायरीत केली, हे खरं. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा अमेरिका-सोव्हिएत करार डिसेंबर १९८७ मध्ये झाला. त्या चार वर्षांत सोव्हिएत रशियात गोर्बाचेव्ह सत्तेवर आले, बैठकांवर बैठका झाल्या. एका सिनेमाने करार घडवला हे व्हॉट्सअ‍ॅपवर शोभतं.

५. 'द वॉर गेम' माहितीपट आहे की कथा? कथा असेल तर माहितीपटाचं ऑस्कर कसं मिळालं?

कथाच आहे. पीटर वॉटकिन्सने १९६५ मध्ये बीबीसीसाठी केला, केंट परगण्यातली साधी माणसं घेऊन. कॅमेरा हातात धरलेला, लोक थेट आपल्याकडे बघून उत्तरं देतात, मध्येच तज्ज्ञांची विधानं येतात. घडलेलंच नाही अशा घटनेची बातमी बघतोय असं वाटतं. बीबीसीने तो टीव्हीसाठी फार भीषण आहे म्हणून अडवला. मग १९६६ मध्ये थिएटरांत गेला आणि सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर घेऊन आला. टीव्हीवर यायला ३१ जुलै १९८५ उजाडला, तोही हिरोशिमाच्या चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने.

वर्गवारीवरून भांडण आजही चालतं. आमचं म्हणणं, ऑस्कर देणाऱ्यांची गल्लत सोयीची झाली, नाहीतर हा चित्रपट कपाटात राहिला असता.

६. या चित्रपटांतलं विज्ञान किती खरं? की घाबरवायला वाढवून सांगितलंय?

बरंचसं खरं. डोळे दिपवणारा प्रकाश आणि उष्णता आधी, धक्क्याची लाट नंतर, मग आगी, मग वाऱ्याबरोबर येणारी किरणोत्सारी धूळ, हा क्रम बरोबर आहे. 'थ्रेड्स'मध्ये पहिला बॉम्ब समुद्रावर खूप उंचीवर फुटतो आणि वीज, फोन, यंत्रं बंद पडतात, तोही परिणाम खरा.

अणुहिवाळा, म्हणजे जळत्या शहरांच्या काजळीने सूर्य झाकला जाऊन थंडी पडणं, ही कल्पना तेव्हा अगदी ताजी होती. शास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 'सायन्स' नियतकालिकात डिसेंबर १९८३ मध्ये आला आणि वर्षाच्या आत ती काजळी 'थ्रेड्स'च्या आकाशात होती. पारा किती उतरेल यावर पुढे मतभेद झाले, पण जळत्या शहरांच्या काजळीने शेती बसते हा गाभा टिकला. २०२२ मध्ये 'नेचर फूड' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने भारत-पाकिस्तान अणुयुद्ध झालं तर जगभरात दोनशे कोटींहून जास्त माणसं उपासमारीने दगावू शकतात असं म्हटलं. भूक ही या विषयातली सर्वांत मोठी आकडेवारी आहे, आणि 'थ्रेड्स'ने ती बरोबर पकडली.

(इथे थोडा उत्तरार्ध येतो.) हल्ल्यानंतर जन्मलेली मुलं चित्रपटात मंद, तुटक बोलणारी दाखवली आहेत. यावर डॉक्टर मंडळी आक्षेप घेतात. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना नंतर जी मुलं झाली, त्यांच्यात आनुवंशिक व्यंगं वाढल्याचं आढळलेलं नाही, हे खरं आहे. पण स्फोटाच्या वेळी पोटात असलेल्या, विशेषतः आठ ते पंधरा आठवड्यांच्या गर्भांवर मेंदूचे गंभीर परिणाम दिसले. त्यात उपासमार आणि शाळा नसणं जमेस धरा. म्हणजे चित्रपट एका बाबतीत ढोबळ आहे, खोटा नाही.

७. बॉम्ब अजिबात न दाखवणारे चित्रपट आहेत म्हणे. मग भीती कशी वाटते?

आहेत, आणि काहींना तेच जास्त लागतात. लिन लिटमनच्या 'टेस्टामेंट'मध्ये (१९८३) कॅलिफोर्नियातल्या छोट्या गावात टीव्ही बंद पडतो, खिडकीत उजेड चमकतो, बस्स. त्यानंतर एक आई आहे, मुलं आहेत, आणि रोज थोडी कमी होत जाणारी वस्ती. जेन अलेक्झांडर यांना त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. एक प्रसंग न्हाणीघरातला आहे, त्याबद्दल आम्ही कुणाला आधी सांगत नाही.

'ऑन द बीच' (१९५९) त्याहून जुना. उत्तर गोलार्ध संपलाय आणि किरणोत्सर्ग सावकाश ऑस्ट्रेलियाकडे सरकतोय. माणसं बागकाम करतात, मोटारींच्या शर्यती लावतात. फार देखणा, फार सभ्य. आम्हाला थोडा जास्तच सभ्य वाटतो.

८. जपानी चित्रपट वेगळे का वाटतात?

इंग्रजी चित्रपट "झालं तर" असं विचारतात. जपानी माणसाला ती सोय नाही.

शोहेई इमामुरा यांचा 'ब्लॅक रेन' (१९८९) आपल्या लोकांनी आवर्जून बघावा. हिरोशिमानंतर काही वर्षं गेलीत. यासुको या मुलीसाठी काका-काकू स्थळं बघतायत, आणि प्रत्येक वेळी बोलणी फिसकटतात, कारण त्या दिवशी ती काळ्या पावसात, म्हणजे स्फोटानंतर पडलेल्या किरणोत्सारी धुळीच्या पावसात, भिजली होती असा बोभाटा आहे. काका तिच्या तब्येतीचा दाखला आणतात, ती स्फोटाच्या वेळी शहरात नव्हती हे दाखवायला जुनी डायरी नकलून काढतात. पत्रिका, मध्यस्थ, "मुलीत काही दोष तर नाही ना" ही चौकशी, यातलं काहीही मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे तो लागला तेव्हा वयस्कर बायका सर्वांत जास्त बोलल्या.

९. दादा, 'बेअरफूट गेन' आणि 'व्हेन द विंड ब्लोज' कार्टून आहेत ना? मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत दाखवू का?

नको. 'बेअरफूट गेन' (१९८३) केइजी नाकाझावा यांच्या चित्रमालिकेवर आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि वडील, बहीण, भाऊ त्यांनी गमावले. स्फोटाची ती काही मिनिटं मोठ्यांनाही जड जातात. चित्रं रंगीत आणि गोलमटोल आहेत, म्हणूनच जास्त.

'व्हेन द विंड ब्लोज' (१९८६) मध्ये रक्त जवळपास नाही. निवृत्त म्हातारा-म्हातारी सरकारी पत्रक वाचून घराचे दरवाजे काढतात, भिंतीला तिरके टेकवून आसरा करतात, आणि पत्रकावर त्यांचा पूर्ण विश्वास असतो. लहान मुलाला यात काही कळणार नाही. ज्याचे आई-वडील गावी एकटे राहतात त्याने जपून बघावा. आमच्या मते नववी-दहावीच्या पुढे, आणि सोबत कुणी मोठं माणूस हवं.

१०. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह', 'ओपेनहायमर', 'गॉडझिला' तुमच्या यादीत का नाहीत?

चांगले आहेत, जातकुळी वेगळी. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) विनोदाने मारतो. त्याच वर्षीचा 'फेल सेफ' जवळजवळ तीच गोष्ट न हसता सांगतो, तो आम्ही सीमेवर ठेवतो. 'ओपेनहायमर' (२०२३) बॉम्ब बनवणाऱ्याच्या मनाचा चित्रपट आहे, बॉम्ब ज्यांच्यावर पडला त्यांच्याकडे तो जात नाही. १९५४ चा मूळ 'गॉडझिला' मात्र गांभीर्याने घ्या. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावरच्या अमेरिकी चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती आणि चित्रपट बोटीवरच्या दुर्घटनेनेच सुरू होतो. पण राक्षस आला की प्रेक्षकाला मारायला काहीतरी मिळतं, आणि आमच्या यादीची अट नेमकी उलटी आहे (प्रश्न १).

कॅथरिन बिगेलो यांचा 'अ हाउस ऑफ डायनामाइट' (२०२५) नेटफ्लिक्सवर आहे, म्हणून हल्ली सर्वांत जास्त विचारणा त्याचीच. क्षेपणास्त्र शिकागोच्या दिशेने निघालंय आणि तीच थोडी मिनिटं तीन वेगवेगळ्या खोल्यांतून दिसतात. ताण जबरदस्त. मात्र त्यातली सगळी माणसं अधिकाराच्या खुर्चीत आहेत. शिकागोतलं कुणी आपल्या ओळखीचं होत नाही.

११. आपल्याकडे असा चित्रपट का झाला नाही? दोन्ही बाजूंना बॉम्ब आहेत की.

१८ मे १९७४, मग ११ आणि १३ मे १९९८. पोखरणची आठवण आपल्याकडे पेढ्यांची आहे. २०१८ चा 'परमाणू' त्याच आनंदातून आला. हिंदी सिनेमात अणुबॉम्ब असतो तो खलनायकाच्या सुटकेसमध्ये, आणि शेवटच्या सेकंदाला तार कापली जाते. पडला तर काय, हा प्रश्न पटकथेत शिरतच नाही.

सन्माननीय अपवाद आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' (२००२) या माहितीपटाचा. भारत, पाकिस्तान, जपान, अमेरिका असा फिरून तो बॉम्बच्या जल्लोषाकडे बघतो. सेन्सॉरने काटछाट मागितली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि चित्रपट न कापता दाखवायची मुभा मिळाली. भयपट नाही तो. तरी रस्त्यावर नाचणाऱ्या गर्दीची त्यातली दृश्यं बघताना अंगावर काटा येतो.

१२. समजा नाशिकवर 'थ्रेड्स' काढला तर?

हा प्रश्न प्रत्येक वेळी कुणी ना कुणी विचारतंच, बहुतेकदा चहा घेताना. शेफिल्ड राजधानी नाही. कारखाने, कामगार आणि जवळ हवाई दलाचा तळ असलेलं मधलं शहर आहे. सातपूर-अंबडची एमआयडीसी, ओझरचा विमानांचा कारखाना, देवळालीचं तोफखान्याचं केंद्र, एकलहऱ्याची वीज हे सगळं डोळ्यासमोर असताना तुलना सुचणारच.

पण आमच्या मते नाशिकच्या चित्रपटात बॉम्ब नाशिकवर पडायला नको. तो मुंबईवर पडावा, पावसाळ्यात, नैऋत्येचा वारा सह्याद्रीवर चढत असताना. मग कसारा घाट चढून येणारी माणसं. आधी गाड्यांतून, नंतर चालत. इगतपुरीला पहिली छावणी. आपल्या प्रशासनाला सिंहस्थाची सवय आहे. लाखोंच्या गर्दीला घाट, रस्ते, तात्पुरते दवाखाने कसे द्यायचे याचे आराखडे फायलीत तयार असतात. पहिले दोन दिवस ते आराखडे कामाला येतात, आणि चित्रपटातली खरी भीती इथूनच उगवेल, कारण सिंहस्थातली गर्दी स्नान करून घरी जाते.

'थ्रेड्स'चा निवेदक एके ठिकाणी सांगतो की हल्ल्यानंतर पैशाला अर्थ उरलेला नाही, चालतं ते फक्त अन्न, आणि ते काम केलं तर मिळतं. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात आणि लासलगावला कांदा येतो. कुठल्या गोदामावर पहारा लागेल हे सांगायची गरज नाही.

आणि रामकुंड. अस्थी विसर्जनाला, दहाव्याला सगळ्या महाराष्ट्रातून लोक इथे येतात. शेफिल्डमध्ये प्रेतं पुरायला यंत्रं असतात पण डिझेल वाया घालवायचं नाही असा निर्णय होतो. तो निर्णय आपल्याकडे, गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर), कुणी सही करून काढायचा? ज्याला हा चित्रपट करायचाय त्याने हा एकच प्रसंग नीट लिहावा, बाकीचा आपोआप लिहून होईल.

१३. ७ मे २०२५ ला भोंग्याचा सराव झाला, यादीत नाशिक, मनमाड, सिन्नर होतं. चित्रपट तर सांगतात की अशा सूचनांचा काही उपयोग नाही?

तो सराव हवाई हल्ल्यासाठीचा होता: भोंगा, दिवे बंद, आसरा, जखमींना हलवणं. ते शिकून ठेवावंच. चित्रपटांनी टर उडवली ती ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' या पत्रकाची. खिडक्यांना पांढरा रंग द्या, दरवाज्यांचा आडोसा करा आणि सगळं ठीक होईल, असा त्याचा सूर होता (प्रश्न ९).

पण चित्रपट बघून "काहीच करण्यात अर्थ नाही" असं ठरवणंही चूक. किरणोत्सारी धुळीचा जोर वेळेबरोबर झपाट्याने उतरतो. वेळ सातपट झाली की मारा साधारण दहाव्या भागावर येतो. स्फोटानंतर पहिल्या तासाला जो मारा असेल तो सात तासांनी त्याच्या दहाव्या भागावर, दोन दिवसांनी शंभराव्या भागावर. म्हणून जाड भिंतींच्या आत, इमारतीच्या मध्यभागी पहिले दोन दिवस काढण्याला खरंच महत्त्व आहे. अर्थात स्फोटापासून लांब असाल तर. चित्रपट पुढचं विचारतात: दोन आठवड्यांनी बाहेर आलात, आता खाणार काय?

१४. लासलगावला कांद्यावर रेडिएशन देतात. 'ब्लॅक रेन' बघून आई तो कांदा घ्यायला तयार नाही. काय सांगू?

निर्धास्त घ्या. लासलगावच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' प्रकल्पात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात, त्याने मोड येणं थांबतं. कांद्याला कोबाल्ट लागत नाही आणि त्या किरणांत कांद्याला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जा नसते. क्ष-किरण काढून आलेला माणूस घरी येऊन चमकत नाही, तसंच. काळ्या पावसात खुद्द किरणोत्सारी धूळ अंगावर पडते, अन्नपाण्यात जाते. २००७ मध्ये अमेरिकेला आपला हापूस पुन्हा जाऊ लागला तो याच प्रक्रियेतून.

१५. बघितल्यावर रात्री झोप लागत नाही. हे नॉर्मल आहे का?

हो. दिवसा बघा, सोबत कुणी असू द्या, एका आठवड्यात दोन नकोत. घरात गरोदर बाई असेल तर 'थ्रेड्स' सध्या राहू द्या. भीती महिनाभर पाठ सोडत नसेल, कामावर परिणाम होत असेल, तर डॉक्टरांशी बोला, आणखी चित्रपट बघून ती जात नाही.

१६. इंग्रजी कळतं पण 'थ्रेड्स'मधलं बोलणं कळत नाही. डाउनलोड खराब आहे का?

फाइल ठीक आहे. ती यॉर्कशरची बोली आहे, शब्द गिळून बोलतात. इंग्रजी सबटायटल लावा. हल्ल्यानंतर संवाद फारसे उरत नाहीत, तेव्हा ती काढली तरी चालतील.